धाकट्यांनी ठेवलेले नाव

मूल जन्माला आले की त्याचे नाव त्याच्याहून मोठी माणसे ठेवतात. बाराव्या दिवशी पाळणा सजतो, आत्या बाळाच्या कानात नाव सांगते, त्या नावात कुलदैवत असते किंवा पणजोबांची आठवण असते, आणि ज्याचे नाव ठेवले जाते त्याला त्या निर्णयात काहीही स्थान नसते. मराठी घरांत मात्र नाव देण्याची आणखी एक रीत आहे आणि ती नेमकी उलट दिशेने चालते. पहिल्या मुलाच्या पाठीवर दुसरे येते, ते बोलू लागते आणि पहिल्याला ‘भाऊ’ अशी हाक मारते. मग चुलत भावंडे तसेच म्हणू लागतात, शेजारची मुले म्हणतात, शेतावर कामाला येणारी माणसे म्हणतात, आणि पुढे केव्हातरी खुद्द आईच ‘भाऊ जेवला का?’ असे विचारू लागते. तोपर्यंत जे नाते होते त्याचे नाव झालेले असते, आणि बारशाचे नाव शाळेच्या दाखल्यापुरते उरलेले असते.

भाऊ, दादा, अण्णा, नाना, ताई, माई, अक्का ही सगळी नावे अशीच खालून वर चढलेली आहेत. त्यांतले ‘भाऊ’ हे नाव मला सर्वांत जवळचे आहे, कारण माझ्या वडिलांचे ते नाव होते. आमचे घर पेडणे तालुक्यातले, एकत्र कुटुंबाचे. वडील थोरले, त्यामुळे काका आणि आत्या त्यांना भाऊ म्हणत, आणि आम्ही मुले काकांच्या तोंडून बोलायला शिकलो म्हणून आम्हीही जन्मदात्याला भाऊच म्हणत आलो. गोव्यात आणि दक्षिण कोकणात अशी घरे पुष्कळ होती. वडिलांना भाऊ किंवा दादा म्हणायचे, आजीला आई म्हणायचे आणि स्वतःच्या आईला, काका म्हणतात म्हणून, वहिनी म्हणायचे, यात कोणालाही वावगे वाटत नसे. बाहेरच्या माणसाला ही नात्यांची सरमिसळ वाटेल. घरातल्यांना ती तशी कधी वाटली नाही, कारण त्या हाकेतून घरात कोणाचे स्थान काय हे कळत होते आणि तेवढे पुरेसे होते. अंगणात कोणी येऊन ‘भाऊ आसा?’ असे विचारले की तो सावकार आहे, कूळ आहे की देवळाचा भटजी आहे हे आवाजावरूनच ओळखावे लागे, कारण शब्द तिघांचाही एकच असे.

हे नाव घराच्या उंबऱ्याबाहेर पडून किती दूर जाऊ शकते याचे सर्वांत मोठे उदाहरण आमच्याच पेडण्याच्या मुलखातले आहे, याचा मला अभिमान आहे. रामकृष्ण विठ्ठल लाड हे नाव आज शंभरांतल्या एखाद्यालाच ओळखीचे वाटेल. डॉक्टर भाऊ दाजी लाड म्हटले की मात्र मुंबईतली भायखळ्याची ती देखणी इमारत डोळ्यांसमोर येते, जिला व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियम म्हणत आणि जिला १९७५ साली भाऊ दाजींचे नाव देण्यात आले. ते संग्रहालय उभे राहावे म्हणून त्यांनी खटपट केली होती, त्यामुळे ते नाव तेथे शोभते. पण त्या नावाकडे जरा थांबून पाहिले पाहिजे. ‘भाऊ’ हे मुलाचे घरातले नाव आणि ‘दाजी’ हे वडिलांचे, म्हणजे विठ्ठलरावांचे, घरातले नाव. बारशाला ठेवलेले नाव त्यात मुलाचेही नाही आणि बापाचेही नाही. राणीच्या नावाच्या जागी एका सरकारी संस्थेवर जे नाव आले, ते पेडण्याच्या एका घरातल्या पडवीत मारलेल्या दोन हाकांचे मिळून बनलेले आहे.

हे आपोआप झाले असेही म्हणता येत नाही. मुंबईत ग्रँट मेडिकल कॉलेजातून १८५१ साली पदवीधरांची पहिली तुकडी बाहेर पडली, तिच्यात भाऊ दाजी होते. आणि त्यांचे धाकटे बंधू नारायण, जे पुढे डॉक्टर झाले आणि छायाचित्रणातही रमले, तेही नारायण दाजी म्हणूनच ओळखले गेले. इंग्रजी कारभाराला माणसाचे एक नाव, बापाचे एक नाव आणि ते सगळे कायम टिकणारे असे हवे होते. ज्यांच्याकडे ते मागितले गेले त्यांनी घरात चालणारे नाव सांगितले आणि कारभाराने ते लिहून घेतले. १८५२ साली बॉम्बे असोसिएशन स्थापन झाली तेव्हा भाऊ दाजी तिचे चिटणीस होते, पुढे मुंबईचे शेरीफ झाले, शिलालेख आणि नाणी यांवर त्यांनी लिहिलेले शोधनिबंध विद्वानांनी वाचले, कुष्ठरोग्यांवर त्यांनी औषधोपचार केले, आणि १८७४ साली ते वारले. त्यांच्या संशोधनपर लेखनाचा संग्रह त्यांच्या मृत्यूनंतर निघाला, तोही भाऊ दाजी याच नावाने. मला विशेष वाटते ते याचे की एवढ्या मोठ्या विद्वत्तेला आणि सार्वजनिक मानाला ते घरगुती नाव कधीही अपुरे पडले नाही. गिरनारच्या लेखावर निबंध वाचणारा माणूस स्वतःला भाऊ म्हणवतो, यात त्या काळच्या कोणालाही विसंगती दिसली नाही.

त्यांच्या आधी शंभर वर्षे पुण्याच्या शनिवारवाड्यात तर सारे राज्यच घरगुती नावांनी चालत होते. बाळाजी बाजीराव हे नानासाहेब, रघुनाथराव हे दादासाहेब, वसई जिंकणारे चिमाजी हे अप्पा, आणि त्यांचे पुत्र सदाशिवराव हे भाऊ. १७६० साली उदगीरला निजामाला नमवणारा आणि १४ जानेवारी १७६१ या दिवशी पानिपतावर नाहीसा झालेला तो सेनापती मराठी माणसाच्या तोंडी आजही ‘भाऊसाहेब’च आहे. त्यांच्याविषयी बखर लिहिणाऱ्यानेही तेच नाव वापरले. पानिपतानंतर सदाशिवराव परतलेच नाहीत, आणि मग ‘मीच भाऊ’ असे म्हणणारा एक तोतया उभा राहिला. कोकणात त्याच्यामागे माणसे जमली, किल्ले हाती आले, शेवटी तो आंग्र्यांच्या हाती सापडला आणि १७७६ साली त्याला पुण्यात देहान्ताची शिक्षा झाली. राज्यावर हक्क सांगणारे तोतये जगात पुष्कळ होऊन गेले. या प्रकरणात मला खोलवर लागते ते एवढेच की लोक त्याच्यामागे गेले त्यात फितुरी आणि लोभ असेल, पण त्यासोबत भाऊ परत यावा ही आसही होती. सेनापतीच्या मरणाचे दुःख लोक करतात आणि दुसरा सेनापती मान्य करतात. भाऊ गेला तर त्याची वाट पाहतात.

नाट्यसंगीतावर जीव टाकणाऱ्या गोव्याला आणखी एक भाऊ आठवल्यावाचून राहणार नाही. लक्ष्मण बापूजी कोल्हटकर हे किर्लोस्कर नाटक मंडळीतले गायक नट, १८८२ साली रंगभूमीवर आलेल्या ‘सौभद्र’ नाटकातली सुभद्रा. जाहिरातीत ते भाऊराव होते आणि प्रेक्षकांच्या तोंडी ‘भावड्या’. त्या मंडळीचे चालकही बारशाच्या नावाने ओळखले जात नव्हतेच. बळवंत पांडुरंग किर्लोस्कर हे अण्णासाहेब होते. भावड्या १९०१ साली, चाळिशीही न गाठता वारले. ज्या पिढीने त्यांना ऐकले ती पिढी त्यांच्याविषयी बोलताना लक्ष्मणराव असे कधी म्हणाली नाही. आमच्याकडे जत्रेतल्या नाटकांना रात्रभर बसणाऱ्या वृद्ध रसिकांच्या बोलण्यातही हे नाव ‘भावड्या’ असेच ऐकू येई, जणू तो त्यांच्याच वाड्यावरचा मुलगा होता.

लेखणी चालवणाऱ्यांत १८४१ साली ‘प्रभाकर’ सुरू करणारे भाऊ महाजन आहेत, ज्यांच्या पत्रात १८४८ पासून लोकहितवादींची शतपत्रे छापली गेली. त्यांचे खरे नाव गोविंद विठ्ठल कुंटे. म्हणजे ज्या नावाने मराठी वृत्तपत्रांचा इतिहास त्यांना ओळखतो त्यातला एकही शब्द त्यांच्या जन्माच्या नावातला नाही. आणि भाऊ पाध्ये आहेत, ज्यांची गोष्ट वेगळी आहे. त्यांचे नाव प्रभाकर नारायण पाध्ये, जन्म १९२६ चा. त्यांच्याआधी प्रभाकर आत्माराम पाध्ये हे पत्रकार आणि समीक्षक मराठीत प्रसिद्ध झालेले होते. एकाच भाषेत, एकाच शहरात, एकाच व्यवसायाच्या आसपास दोन प्रभाकर पाध्ये असते तर वाचकांची पंचाईत झाली असती. ‘भाऊ’ या नावाने ती टळली. एरवी आपण असे मानतो की पाळण्यातले नाव माणसाला इतरांपासून वेगळे करते आणि ‘भाऊ’, ‘दादा’ ही नावे सगळ्यांना सारखी असतात. येथे उलट झाले. जे नाव हजारो घरांत आहे त्यानेच या लेखकाला वेगळे केले.

कधी कधी हे नाव पाळण्यापर्यंतही पोचले. पुण्यातल्या सार्वजनिक गणेशोत्सवाच्या आरंभकाळाशी ज्यांचे नाव जोडलेले आहे ते भाऊ लक्ष्मण जावळे, म्हणजे लोकांचे भाऊसाहेब रंगारी, यांचे कागदावरचे नावच भाऊ होते. कर्मवीर भाऊराव पाटील यांचेही तसेच. १८८७ साली जन्मलेल्या त्या मुलाला भाऊराव हे नाव मिळाले ते नाव म्हणूनच. पण गंमत अशी की त्यावर भागले नाही; लोकांना त्यांना हाक मारायला पुन्हा एक घरगुती नाव लागले आणि रयत शिक्षण संस्थेच्या हजारो विद्यार्थ्यांनी त्यांना ‘अण्णा’ म्हटले. मला वाटते यातच या सगळ्याचे मर्म आहे. भाऊ हे नाव पाळण्यात, मोठ्यांच्या हातून मिळाले की ते इतर नावांसारखे होते, आणि धाकट्यांचे देणे द्यायचे राहूनच जाते. ते देणे मग ते दुसऱ्या शब्दाने देतात.

आता गोव्याच्या भाऊंकडे येतो, ज्यांच्यामुळे हा विषय माझ्या मनात कायम राहिला. दयानंद बाळकृष्ण बांदोडकर यांचा जन्म १२ मार्च १९११ रोजी पेडण्याचा. खाणमालक म्हणून त्यांनी नाव कमावले, आणि १९ डिसेंबर १९६१ रोजी गोवा मुक्त झाल्यावर दोन वर्षांनी, २० डिसेंबर १९६३ रोजी, ते गोवा, दमण व दीवचे पहिले मुख्यमंत्री झाले. सार्वत्रिक निवडणूक त्यांनी स्वतः लढवलेली नव्हती. त्यांचा पक्ष निवडून आला, त्यांना मुख्यमंत्री केले गेले आणि नंतर मडकईच्या पोटनिवडणुकीतून ते विधानसभेत आले. सरकारी कागदांवर ते श्री. दयानंद बांदोडकर होते, सभेत भाऊसाहेब होते, आणि कुळांच्या, मुंडकारांच्या (म्हणजे जमीनदाराच्या जागेत घर करून राहणाऱ्यांच्या), शाळेत पहिल्यांदाच पाऊल टाकणाऱ्या मुलांच्या घरी भाऊ होते. १९६४ सालचा कूळकायदा, गावोगाव उघडलेल्या मराठी प्राथमिक शाळा, यांची चर्चा इतिहासकार करतात आणि केलीही पाहिजे. पण ज्या घरांत पिढ्यानपिढ्या भाटकाराच्या, म्हणजे जमीनदाराच्या, अंगणाबाहेर उभे राहून बोलण्याची सवय होती, त्या घरांतल्या माणसांनी राज्याच्या प्रमुखाला भाऊ म्हणणे ही गोष्टसुद्धा तेवढीच मोठी होती असे माझे मत आहे. भाटकाराला ‘भाटकार’ म्हणावे लागे, राज्यपालाला पोर्तुगीज काळात काय म्हणावे हे बहुतेकांना ठाऊकही नव्हते, कारण त्याच्याशी बोलायची वेळच येत नसे. साडेचारशे वर्षांनंतर सत्तेला पहिल्यांदा हाक मारता आली, आणि ती हाक भावाची होती.

१६ जानेवारी १९६७ रोजी झालेल्या जनमत कौलाची आठवण गोव्यात अजून ताजी आहे आणि तिच्याविषयी घराघरात दोन मते आहेत. माझ्या दृष्टीने या विषयापुरते त्यात एक फार बोलके आहे. महाराष्ट्रात विलीन व्हावे हा भाऊंचा आग्रह होता. कौल ३४,०२१ मतांच्या फरकाने त्याच्या विरुद्ध गेला. त्या कौलाआधी त्यांनी मुख्यमंत्रिपद सोडले होते. त्यानंतर काही आठवड्यांतच विधानसभेची निवडणूक झाली आणि त्याच गोव्याने पुन्हा भाऊंचाच पक्ष निवडून दिला, तेच पुन्हा मुख्यमंत्री झाले. राजकारणाचे अभ्यासक याची कारणे मतदारसंघांच्या आखणीत आणि मतांच्या विभागणीत शोधतात आणि ती बरोबरही असतील. आमच्या भागात मात्र हे वेगळ्या शब्दांत सांगितले जाई. भावाचे एखादे म्हणणे पटले नाही तर आपण घरात तोंडावर नाही म्हणतो, म्हणून काही तो परका होत नाही. विलीनीकरणाविरुद्ध लढा देणारे डॉक्टर जॅक सिक्वेरा यांचेही बाप्तिस्म्याचे नाव जुवांव ह्यूगो एदुआर्दो असे होते आणि लोकांना ते ‘जॅक’ म्हणूनच ठाऊक होते. गोव्याचे भवितव्य ठरवणाऱ्या त्या महिन्यांत दोन्ही बाजूंचे पुढारी नोंदवहीत नसलेल्या नावांनी ओळखले जात होते, ही गोष्ट मला गोव्याच्या स्वभावाची खूण वाटते.

१२ ऑगस्ट १९७३ रोजी भाऊ वारले, मुख्यमंत्री असतानाच. मिरामारच्या किनाऱ्यावर त्यांची समाधी आहे, आणि कांपालवरून जाणारा रस्ता दयानंद बांदोडकर मार्ग आहे. पाटीवर पूर्ण नाव आहे, बोलण्यात नाही. त्यांच्यानंतर त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर मुख्यमंत्री झाल्या आणि १९७९ पर्यंत त्या पदावर राहिल्या. गोव्याने त्यांना ‘ताई’ म्हटले. येथे क्षणभर थांबावे असे मला नेहमी वाटते. बाप भाऊ आणि मुलगी ताई. घरातल्या नात्यांच्या हिशेबाने हे जुळत नाही. भावाची मुलगी पुतणी व्हायला हवी. पण हाक मारणाऱ्यांच्या जागेवरून पाहिले तर ते तंतोतंत जुळते. लोक दोघांच्याही पाठचे होते. आपण धाकटे आहोत, आपल्यासाठी कोणी तरी थोरल्याने उभे राहावे, ही जी जागा गोव्याच्या कष्टकरी माणसाने १९६३ साली घेतली, ती त्याने १९७३ सालीही सोडली नाही. फक्त समोर भाऊ होता तेथे ताई आली. २०१६ साली त्या गेल्या तेव्हा वर्तमानपत्रांचे मथळेही ‘ताई’ असेच होते, हे वाचकांना आठवत असेल.

अशीच एक आई आणि मुलगी गोव्याच्या संगीतात आहे. कुर्डी गावच्या मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांच्या आणि श्रोत्यांच्या माई, आणि त्यांच्या कन्या किशोरी आमोणकर या किशोरीताई. कुर्डी आता साळावली धरणाच्या पाण्याखाली असते आणि उन्हाळ्यात पाणी ओसरले की वर येते. ते गाव माईंच्या आडनावात मात्र बाराही महिने कोरडे आहे.

पणजीत महालक्ष्मीच्या देवळासमोरून जो रस्ता जातो त्याचे नाव दादा वैद्य मार्ग. रामचंद्र पांडुरंग वैद्य हे फोंड्याचे आयुर्वेदाचे जाणकार, समाजसुधारक आणि शिक्षणाचे कळवळे असलेले गृहस्थ. पण पाटीवर रामचंद्र नाही, दादा आहे. बाळकृष्ण भगवंत बोरकर यांना मराठी वाचक बा. भ. बोरकर म्हणून ओळखतात, आणि गोव्यातले लोक बाकीबाब म्हणून. बाळकृष्णाचे ‘बाकी’ झाले आणि त्याला आमच्या आदराचे ‘बाब’ लागले. हे नाव नात्याच्या हाकेतून आलेले नाही, त्यामुळे माझ्या विषयाच्या ते जरा बाहेरचे आहे, पण गोव्यात राहून बाकीबाबांचे नाव न घेता नावांविषयी लिहिणे मला जमणार नाही.

या सगळ्याची दुसरी बाजू कागदाची आहे, आणि गोव्यात ती इतर ठिकाणांपेक्षा अधिक गुंतागुंतीची आहे. पोर्तुगीज नोंदवह्यांत आपली नावे रोमन लिपीत आणि त्यांच्या उच्चारांप्रमाणे लिहिली गेली. शेणवीचे ‘सिनाय’ झाले, कामतचे ‘कामोतीम’ झाले. लिहिणाऱ्याने जे ऐकले ते उतरवले, आणि त्याला ऐकू आले ते पुष्कळदा घरात चालणारे नाव होते. मुक्तीनंतर १९६८ चा जमीन महसूल कायदा आला, मोजणी झाली, फॉर्म एक-चौदावर, म्हणजे जमिनीच्या उताऱ्यावर, कब्जेदाराचे आणि कुळाचे नाव लिहिले गेले, तेव्हाही बांधावर उभ्या असलेल्या माणसाने जे सांगितले ते नोंदले गेले. त्यामुळे एकाच माणसाचे जन्माच्या नोंदीत एक नाव, शाळेच्या दाखल्यावर त्याचेच जरा वेगळे रूप, आणि जमिनीच्या उताऱ्यावर नुसते ‘भाऊ’ आणि आडनाव, अशी अवस्था हजारो घरांत आहे. गोव्यातल्या मराठी दैनिकांत वारसासंबंधीच्या जाहीर सूचना निघतात त्या मी लक्षपूर्वक वाचतो. ‘अमुक ऊर्फ भाऊ’, ‘तमुक ऊर्फ बाबलो’, ‘अमकी ऊर्फ ताई’ अशा त्या ओळी असतात. एरवी कोरड्या असलेल्या त्या कायदेशीर मजकुरात ‘ऊर्फ’ या शब्दाच्या पुढे त्या माणसाचे घर उभे असते.

आमच्या वडिलांच्या पश्चात आम्हालाही यातून जावे लागले. एका शेताच्या उताऱ्यावर ते भाऊ होते आणि मृत्यूच्या दाखल्यावर त्यांचे पाळण्यातले नाव होते; दोन्ही माणसे एकच, हे सिद्ध करायला प्रतिज्ञापत्र हवे होते. कचेरीतल्या तरुण कर्मचाऱ्याने अतिशय सौजन्याने विचारले, ‘हे भाऊ म्हणजे नक्की कोणाचे भाऊ?’ प्रश्न कायद्याच्या दृष्टीने अगदी योग्य होता. साक्षीला आलेल्या वृद्ध कुळाने उत्तर दिले, ‘आमगेले.’ आमचे. त्या उत्तराने कागदाचे समाधान झाले नाही आणि होणारही नव्हते, म्हणून आम्ही रीतसर प्रतिज्ञापत्र केले. पण माझ्या दृष्टीने त्या नावाचा खरा अर्थ तेथे साक्षीत नोंदवला गेला. पाळण्यातले नाव त्या कुळाला माहीतच नव्हते. इतकी वर्षे ज्याच्या बांधावर तो राबला त्या माणसाचे तसे काही नाव असू शकते, हे त्याला त्या दिवशी कळले.

गोव्याच्या राजकारणात घरातली नावे आजही आहेत. मनोहर पर्रीकर हे कार्यकर्त्यांचे भाई होते. मनोहर आजगावकर आणि चंद्रकांत कवळेकर हे दोघेही २०१९ साली उपमुख्यमंत्री झाले, आणि दोघेही लोकांचे ‘बाबू’. ही नावे त्यांना त्यांच्या घरांनी आणि गावांनी दिलेली आहेत. परंतु अलीकडे वाढदिवसाच्या फलकांवर ज्यांना भाऊ, दादा म्हटलेले दिसते, त्यांतल्या पुष्कळांचे ते नाव त्यांच्या भोवतीच्या माणसांनी ठरवून लावलेले असते, आणि ते वाचताना मला मनापासून वाईट वाटते. भाऊ हे नाव मागून घेता येत नाही. त्यासाठी आधी कोणाच्या तरी आधी जन्मावे लागते, त्याला हाताला धरून शाळेत न्यावे लागते, त्याच्या वाटणीचे बोलणे स्वतः खावे लागते. बांदोडकरांना ते नाव लोकांनी दिले तेव्हा या सगळ्याची जाणीव त्यात होती.

आणि आता घरेही लहान झाली आहेत. म्हापसा, पर्वरी, मडगाव येथल्या फ्लॅटांत राहणाऱ्या माझ्या नात्यातल्या बहुतेक कुटुंबांत एकच मूल आहे. त्याला सुंदर, विचार करून निवडलेले नाव आहे, आणि त्या नावाला पर्याय देणारे पाठचे कोणी नाही. चुलत भावंडे गणपतीत भेटतात आणि एकमेकांना नावानेच हाक मारतात. यात दोष कोणाचाच नाही; पण ज्या वाटेने रामकृष्णाचा भाऊ झाला, लक्ष्मणाचा भावड्या झाला, दयानंदाचा भाऊ झाला, ती वाट या घरांतून जात नाही.

म्हणून गेल्या काही वर्षांत मी एक काम हाती घेतले आहे. पेडणे, डिचोली, सत्तरी, दोडामार्ग या भागांत अजून पुष्कळ वृद्ध भाऊ आहेत. त्यांच्याकडे गेलो की मी त्यांचे पाळण्यातले नाव विचारतो, आणि मग विचारतो की भाऊ असे पहिल्यांदा कोण म्हणाले. पहिल्या प्रश्नाला ते सहज उत्तर देतात. दुसऱ्या प्रश्नाला थोडा वेळ लागतो, पण उत्तर बहुतेकांना ठाऊक असते, आणि ते बहुधा एखाद्या बहिणीचे असते. मोपाकडच्या एका भाऊंनी सांगितले की त्यांच्या पाठच्या बहिणीला त्यांच्या नावातले जोडाक्षर म्हणता येत नव्हते, तेव्हा आजीने तिला भाऊ म्हणायला शिकवले आणि महिन्याभरात सगळा वाडा तसे म्हणू लागला. ती बहीण आता सांग्याला असते, नव्वदीच्या घरात आहे आणि कानांनी अधू आहे, पण बोलणे स्पष्ट आहे असे ते म्हणाले. श्रावण लागण्यापूर्वी तिच्याकडे जायचे आम्ही ठरवले आहे, आणि ते स्वतः बरोबर येणार आहेत.